ट्रकच्या पाठीवर घर, समोर १४ हजार फुटी डोंगर: कोलोराडोत पायी आणि स्कीने शिखरं करायची तर सुरुवात कुठून करायची

डेन्व्हरला नवीन आलेल्या मराठी लोकांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की तुम्ही आत्ता जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर बसून चहा पिताय. कळसूबाई १,६४६ मीटर, डेन्व्हर १,६०९. बारी गावातून शिड्या चढून, घाम गाळून आपण जिथे देवीला नमस्कार करतो ती उंची म्हणजे इथला बाजाररस्ता, आणि डोंगर त्याच्या पुढे सुरू होतात. १४,००० फुटांच्या वरच्या शिखरांना इथे फोर्टीनर म्हणतात, कोलोराडोत ती ५० हून जास्त आहेत, आणि बरीचशी अशी आहेत की उन्हाळ्यात साध्या पायवाटेने चालत जाता येतं आणि वसंतात बर्फ बसला की स्कीने उतरता येतं.

मी मूळची नाशिकची, सह्याद्रीत चिकार भटकलेली, त्यामुळे इथे आल्यावर आपल्याला सगळं येतं असा एक गोड गैरसमज होता तो पहिल्या हिवाळ्यातच उतरला. आता ट्रक कॅम्पर घेऊन फिरायला लागल्याला काही वर्षं झाली आणि नवीन लोक सारखे तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. कॅम्पर म्हणजे ट्रेलर नव्हे हं, मागे ओढायचा नसतो. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवलेली खोली, त्यात पलंग, शेगडी, हीटर. खोली उतरवून ठेवली की ट्रक पुन्हा नुसता ट्रक.

हा खटाटोप कशासाठी, तर रात्री डोंगराच्या पायथ्याशी दहा हजार फुटांवर झोपता येतं आणि पहाटे तीनला उठून चारला चालायला लागता येतं. त्याहून मोठा फायदा मला खूप उशिरा कळला. घरून रात्री एकला निघून, अडीच तास गाडी हाकून डोंगराशी पोचलेला माणूस माघारी फिरत नाही, त्याच्या जिवावर येतं. ज्याचा पलंग आणि चहाचं पातेलं खाली पायथ्याशी आहे तो आरामात म्हणतो की आज नको, उद्या बघू.

आधी वजन, मग बाकी सगळं

कॅम्पर बघायला जाण्याआधी आपल्या ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा, तिथे चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं स्टिकर असतं आणि त्यावर माणसं धरून जास्तीत जास्त किती पाउंड वजन चालेल तो आकडा असतो. तोच पेलोड. जाहिरातीतला आकडा विसरा, इंटरनेटवरचा विसरा, तुमच्या दारावरचा खरा. आमचा हाफ-टन ट्रक, म्हणजे पिकअपमधला हलका वर्ग, त्यावर १,५०० च्या आसपास आकडा होता, आणि विकणाऱ्याने बिनधास्त सांगितलं की हा छोटा पॉप-अप कॅम्पर आहे, १,१०० पाउंड, आरामात चालेल. मीही मान डोलावली.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा डोळे उघडले. कॅम्पर १,१००, तोही रिकामा. आम्ही दोघं कपड्याबुटांसकट ३१०. पाणी २० गॅलन, एका गॅलनला ८.३ पाउंड म्हणजे साधारण १६६. प्रोपेनचे दोन भरलेले सिलेंडर मिळून ७५. दोन जोड्या स्की, बूट, हेल्मेटं यांचे ६०. खाणं, कपडे, अंथरूण, फावडं, टायरवर चढवायच्या बर्फाच्या साखळ्या हे सगळं शंभर धरलं तरी बेरीज १,८०० च्या वर गेली, म्हणजे तीनशे पाउंड जास्तीचे घेऊन आम्ही घाट उतरणार होतो. मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग, म्हणजे हवेचे फुगे, लावल्या की ट्रकची शेपटी उचलली जाते पण पेलोड वाढत नाही, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी मला उलटं सांगितलं होतं. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच.

शेवटी आम्ही ट्रक बदलला, थ्री-क्वार्टर टनचा घेतला. तुम्ही तसं करालच असं नाही, पण निदान हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर मोठ्या ट्रकसाठी काटा असतो तिथे एकदा सगळं भरून, माणसांसकट वजन करा, थोडेसेच डॉलर लागतात. आणि कॅम्परच्या बाजूला त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे त्याची खूण असते, ती मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे यायला हवी, मागे आली तर पुढची चाकं हलकी होतात आणि बर्फात स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं. टायर जड भाराचे घ्या. कॅम्पर ज्या टर्नबकलने ट्रकला आवळलेला असतो ते पहिल्या पन्नासेक मैलांनंतर उतरून पुन्हा तपासायचे, सैल झालेलेच असतात.

आत्ताच विकत घेऊ नका असंही सांगेन. एखाद्या वीकेंडला भाड्याने घ्या, शक्यतो थंडीत, म्हणजे आपल्याला हे झेपतं का ते कळतं.

पॉप-अप की कडक भिंतींचा, हा प्रश्न सगळे विचारतात. पॉप-अपचं छप्पर वर उचललं जातं आणि मधे कॅनव्हासची भिंत असते, वजन कमी, उंची कमी, वाऱ्यात गाडी कमी हेलकावते. डेन्व्हरहून २८५ नंबरच्या रस्त्याने केनोशा पास ओलांडून साऊथ पार्कच्या पठारावर उतरलात की तिथला आडवा वारा काय असतो ते कळेल, तिथे कमी उंची म्हणजे मोठी कृपा. पण कॅनव्हासमधून थंडी येते. कडक भिंतींचा उबदार पण जड, त्याला वन-टनचा ट्रक लागतो. आम्ही पॉप-अपवाले. एक लक्षात ठेवा, रात्री बर्फ पडला तर सकाळी छप्पर खाली घेण्याआधी झाडून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ते बर्फासकट वर उचलताना पाठ धरेल. लांब दांड्याचा मऊ झाडू कायम सोबत.

थंडी, गॅस, बॅटरी, पाणी

गॅस शुद्ध प्रोपेनचाच हवा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, ब्यूटेन शून्याच्या आसपासच गळाठतो, त्यामुळे टेबलावरच्या छोट्या शेगड्यांचे ब्यूटेनचे डबे इथे हिवाळ्यात उपयोगाचे नाहीत. हीटर असा हवा की ज्याचा धूर पाइपने थेट बाहेर जातो आणि आत फक्त गरम हवा येते. शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते प्रत्येक ट्रिपला बटण दाबून बघायचं, छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि हीटरच्या धुराचं तोंड बर्फाने बुजलं नाहीये ना ते झोपताना एकदा बाहेर जाऊन बघायचं. ट्रकचं इंजिन चालू ठेवून झोपणं तर विसराच. डिझेलचा हीटर असेल तर त्याला उंचीसाठीचं सेटिंग आहे का विचारून घ्या, विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते.

आता बॅटरीची माझी गोष्ट. लिथियमची बॅटरी हलकी, टिकाऊ, सगळं खरं, पण ती शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते आणि चांगली बॅटरी स्वतःच चार्जिंग बंद करते. आमची बॅटरी होती बाहेरच्या कप्प्यात. दिवसभर गाडी चालवली, मला वाटलं मस्त भरली असणार, प्रत्यक्षात तिने दिवसभरात एक थेंब घेतला नव्हता. रात्री तीनला हीटरचा पंखा घरघरला आणि बंद पडला. गॅस भरपूर, पण पंखा फिरवायला वीज नाही. सकाळपर्यंत आम्ही दोघं जमतील ते सगळे कपडे घालून एकाच रजईत, आणि पाण्याच्या बाटल्या दगड झालेल्या. तेव्हापासून बॅटरी आत, पलंगाखाली. किंवा मग जिच्यात स्वतःचा हीटर असतो तशी घ्या, महाग असते.

पाण्याची टाकी आणि पाइप हिवाळ्यात रिकामे ठेवायचे, पाइपांत आरव्हीसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठी, मिळतं ते गुलाबी अँटिफ्रीझ घालायचं आणि पिण्याचं पाणी जेरीकॅनमध्ये आत ठेवायचं. रात्री बाहेर जायला लागू नये म्हणून वेगळी रुंद तोंडाची बाटली, तिच्यावर मोठ्ठी खूण. हसू नका. पहाटे उणे पंधरात कळेल.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर न्याच. लेडव्हिल गाव १०,१५० फुटांच्या आसपास, तिथे पाणी साधारण ९० अंशालाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघितलीत तर दुसऱ्या दिवशीचा डोंगर उजाडेल. कुकरला नेहमीपेक्षा एकदोन शिट्ट्या जास्त द्या, झालं. मी मुगाची खिचडी करते, वर तूप, सोबत घरचं लोणचं. इथले एनर्जी बार थंडीत विटेसारखे होतात, खिशातले गूळ-शेंगदाणे मात्र खाता येतात. प्यायच्या पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी गोठते, साधी बाटली घ्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरून धरत जातो त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

झोपायचं कुठे

नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेरही फुकट मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांची मर्यादा असते. कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते त्याचे फॉरेस्टचे नकाशे फुकट मिळतात, फोनवर उतरवून ठेवा कारण वर सिग्नल नसतो. ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट जिथून सुरू होते तिथे, रात्री थांबायला परवानगी आहे की नाही हे जागोजागी वेगळं असतं, पाटी वाचा. क्वांडरी पीक या फोर्टीनरला तर उन्हाळ्यात पार्किंगचं आधी बुकिंग लागतं. हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीला वळायची जी जागा असते ती रिकामी आणि सपाट दिसते म्हणून तिथे कॅम्पर लावू नका, पहाटे चारला भोंगा वाजतो.

गाडी तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायची. मे महिन्यात कच्चा रस्ता पहाटे दगडासारखा घट्ट असतो आणि दुपारी दोनला त्याचाच चिखल होतो, साडेतीन-चार टनांचा ट्रक त्यात बसला की मग बसलाच. ७० नंबरच्या हायवेवर डोट्सेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे बर्फाचे टायर किंवा साखळ्या बाळगायचा कायदा आहे. फोर-व्हील ड्राइव्ह चढताना मदत करतो, थांबताना करत नाही. इंडिपेंडन्स पास हिवाळ्यात बंदच असतो, साधारण मे अखेरीस उघडतो, नकाशा जवळचा रस्ता म्हणून दाखवतो आणि नवीन लोक गेटपर्यंत जाऊन परत येतात.

उंचीशी घाई नको

१४,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. मुंबईहून आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी माउंट एल्बर्टवर नेऊ नका हो, मी एकदा सख्ख्या भावाला नेला होता, १२,००० फुटांवर तो दगडावर बसला आणि म्हणाला ताई तू जा मी इथेच मरतो. डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली की वर जायचं नाही, आणि चाल लडबडायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर तातडीने खाली, रात्र असली तरी. उंचीची गोळी मिळते पण ती डॉक्टरला विचारूनच.

इथे कॅम्पर फार कामाला येतो. डेन्व्हरच्या उंचीला सरावलेल्यांनी एक रात्र ८-९ हजारांवर झोपायचं, दुसरी १० हजारांवर, मधला दिवस छोट्या तळ्यापर्यंत चालून यायचं, तिसऱ्या दिवशी शिखर. त्याच्या वर मुक्काम हलवायचा मोह टाळा, १२ हजारांवर झोप लागत नाही, नुसती कूस बदलत रात्र जाते.

पहिले दोनतीन डोंगर पायी, तेही उन्हाळ्यात

स्कीचं वेड लागलेल्या लोकांना हे पटत नाही पण ज्या डोंगरावर बर्फात जायचं तो आधी उघडा बघून ठेवावा. कुठे धार आहे, कुठे नाळ आहे, दगडांचा घसारा कुठल्या बाजूला आहे, खाली कडा कुठे तुटतो, हे जुलैमध्ये डोळ्यांनी बघितलेलं मे महिन्याच्या धुक्यात उपयोगी पडतं.

पहिला डोंगर म्हणून क्वांडरीची पूर्वेची सोंड उत्तम, जाऊन-येऊन पावणेसात मैलांच्या आसपास आणि ३,४०० फुटांच्या आसपास चढ, मळलेली वाट. मग ग्रेज आणि टॉरीज, एका दिवसात दोन. मग एल्बर्ट, साधारण १४,४४० फूट, रॉकीजमधलं सर्वांत उंच शिखर, आणि तरी कुठेही हात लावून चढायला लागत नाही, फक्त लांबलचक आहे, साडेचार हजार फुटांहून जास्त चढ. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला यात थरार काहीच नाही, दमछाक मात्र हवी तेवढी.

धोका विजेचा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी रोज ढग भरून येतात, त्यालाही मॉन्सूनच म्हणतात, आपल्याकडच्यासारखी संततधार नाही, अर्धा तास गारा आणि कडकडाट. साडेअकरा-बारा हजार फुटांवर झाडं संपतात आणि त्याच्या वर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही. म्हणून पहाटे चारला निघायचं, अकराच्या आत माथा, बाराच्या आत झाडीत. अकराला माथ्याच्या दोनशे फूट खाली असाल आणि पश्चिमेला ढग काळे झाले असतील तर फिरा.

स्की: क्रम चुकवू नका

आधी रिसॉर्टवर शिका. लिफ्टने वर जा, खाली या, सपाट केलेल्या पट्टीच्या बाहेरच्या ओबडधोबड बर्फातही तोल सांभाळून वळता येईपर्यंत. याला माझा एक पूर्ण हिवाळा गेला आणि दुसऱ्यातला अर्धा. डोंगरावर स्की शिकायची नसते, तिथे आलेली स्की वापरायची असते.

मग टूरिंगचं सामान. यातल्या बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीची, टाच चढताना मोकळी होते, बूट घोट्यात वाकतात, आणि स्कीच्या तळाला स्किन चिकटवायचे, म्हणजे एका बाजूने लव असलेली पट्टी, पुढे सरकते मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून बघा, तेच तत्त्व. पहिल्यांदा सगळं भाड्याने घ्या. बुटांवर मात्र पैसे टाका, पाय सोलवटले की बाकी कशाचा उपयोग नाही. वसंतात कडक बर्फासाठी क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे टोकदार काटे, आणि आइस अ‍ॅक्सही लागते, आणि घसरल्यावर अ‍ॅक्स रोवून थांबायचं कसं ते खाली सुरक्षित उतारावर दहा वेळा पडून शिकायचं.

तिसरं, उतारावरचा बर्फ अचानक सुटून खाली कोसळतो त्याचा, म्हणजे अ‍ॅव्हलांचचा कोर्स. लेव्हल वनचा कोर्स तीन दिवसांचा असतो, त्यातला बराच वेळ बाहेर बर्फातच जातो. हा न करता डोंगरात स्की घेऊन जाणाऱ्याबरोबर मी जात नाही, मैत्री गेली खड्ड्यात. प्रत्येकाकडे बीकन (गाडले गेलात तर तुमची जागा दाखवणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं, तिन्ही. एकाकडे कमी तर सगळे घरी. सगळ्या कंपन्यांचे बीकन एकमेकांना ऐकू येतात, पण फोन त्याच्या शेजारच्या खिशात ठेवला तर गोंधळ होतो, निदान वीतभर लांब ठेवा आणि शोधताना हातभर. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर तो जगायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते, म्हणजे मदत हेलिकॉप्टरने येत नाही, ती शेजारच्या माणसाच्या फावड्याने येते.

बर्फ वाचायला शिकणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

कोलोराडोतला बर्फ वाईट आहे. दिसायला सुंदर, पण आतून दगाबाज. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडासाच पडतो, मग आठवडेच्या आठवडे कोरडी कडाक्याची थंडी, आणि त्या पातळ थराचे जमिनीलगत मोठे सुटे दाणे होतात. जाड साखर मुठीत घ्या आणि दाबा, गोळा होतो का? तसंच. मग डिसेंबर-जानेवारीत त्याच्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसतो. साखरेवर फरशी ठेवल्यासारखं. ती फरशी एक दिवस माणसाच्या वजनाने तुटते आणि अख्खा उतार घेऊन खाली जाते. असे थर महिनोन् महिने तसेच राहतात, म्हणून नवीन लोकांनी हिवाळ्यात उंच शिखरांच्या उतारांवर जायचंच नाही, झाडीतल्या ३० अंशांपेक्षा सौम्य उतारांवर मजा करायची आणि वर मोठा उतार लटकत नाहीये ना तेही बघायचं. बहुतेक अ‍ॅव्हलांच ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि गंमत म्हणजे स्कीला सगळ्यात मजाही तिथेच येते. उताराचा कोन डोळ्याने कळत नाही. फोनमध्ये कोन मोजता येतो, नकाशांच्या अ‍ॅपमध्ये उतार रंगवून दाखवलेले असतात.

कोलोराडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटर मोसमात रोज अंदाज देतं, एक ते पाच अशी धोक्याची पातळी असते. नवीन लोकांचा घोळ तीनवर होतो, मधला आकडा म्हणजे ठीकठाक असं त्यांना वाटतं. तीन म्हणजे माणसाच्या वजनाने अ‍ॅव्हलांच सुटायची चांगलीच शक्यता. आकड्याखालचा मजकूर वाचा, कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीवर, कुठल्या थरात गडबड आहे ते त्यात असतं. चालताना पायाखाली वुम्फ असा दबका आवाज आला, किंवा स्कीपासून बर्फाला चीर पळत गेली, किंवा शेजारच्या उतारावर ताजा अ‍ॅव्हलांच दिसला तर चर्चा करायची नाही. आल्या वाटेने, सौम्य उतार धरून मागे.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चित्र बदलतं. दिवसा वितळणं, रात्री गोठणं असं बरेच दिवस झालं की सगळे थर मुरून एकजीव होतात. पहाटे वरचा पापुद्रा काचेसारखा कडक, आणि ऊन लागून तासदोन तास झाले की वरचा इंचभर सैल होतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे मोकळे होतात, इथे त्याला कॉर्न म्हणतात, आम्ही घरात साबुदाणाच म्हणतो. त्यावर स्की करायला मिळणं म्हणजे स्वर्ग. पण साबुदाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, जास्त भिजला की गिचका. तासाभरातच पाय घोट्यापर्यंत रुतायला लागतो आणि आता ओला अ‍ॅव्हलांच सुटायची वेळ. पूर्वेच्या उतारावर हे आधी होतं, मग दक्षिणेच्या, पश्चिमेच्या सगळ्यात शेवटी, त्याप्रमाणे घड्याळ लावायचं. रात्री ढग असले तर बर्फ नीट गोठत नाही, मग निघूच नका. आणि वसंतात पश्चिमेच्या वाळवंटी पठारांवरची धूळ उडून बर्फावर बसते, पांढरा डोंगर तांबूस होतो, असा बर्फ उन्हाने फार लवकर वितळतो, माथ्याची वेळ अजून अलीकडे घ्या.

माथ्यावरच्या धारेवर पूर्वेकडे बर्फाचे छज्जे लोंबत असतात कारण इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. छायाचित्रासाठी त्यांच्या कडेवर जाऊ नका, खाली हवा असते.

एक पहाट

मागच्या मे महिन्यातली, क्वांडरीचीच. पहाटे तीनचा गजर. कॅनव्हासच्या आतून आमच्याच श्वासाचं पाणी गोठून पांढरं झालेलं, हात लागला की मानेवर भुगा. स्किन माझ्या स्लीपिंग बॅगेत पायाशी होते, गोठले तर गोंद चिकटत नाही, आणि बुटांचे आतले मोजे हीटरच्या तोंडाशी. चहा, कालच्या दोन दशम्या. मी चपला घालून बाहेर गेले आणि स्कीच्या काठीने बर्फावर टोचून बघितलं, टक्क आवाज आला. आकाशात चांदण्या. निघालो.

झाडी संपेपर्यंत उजाडलं. पण वर वाराच नव्हता, आणि क्वांडरीवर वारा नसणं म्हणजे काहीतरी बिनसलंय. साडेआठला साडेतेरा हजार फुटांवर ऊन चरचरायला लागलं. मी स्की काढून मुद्दाम एक पाय बर्फात टाकला. घोट्याच्या वर गेला.

"अगं अर्ध्यापाऊण तासाचं आहे आता," नवरा वर बघत म्हणाला.

"असू दे. आपल्याला उतरायचंय हेच, दीड तासाने."

तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग खाली वाकून स्किन सोलायला लागला. सोंडेच्या सौम्य बाजूने आम्ही एकेक करून उतरलो, एक उतरतो दुसरा बघतो, हा नियम सोपा उतार असला तरी पाळायचा. सुरुवातीला साबुदाणा मस्त होता, झाडीजवळ गिचका. दहा वाजता कॅम्परच्या पायरीवर बसून दुसरा चहा. दुसऱ्या दिवशी दोनलाच गजर लावला आणि तासभर लवकर निघालो, आणि तो दिवस जमला.

याच शिखराच्या दक्षिणेला एक सरळसोट नाळ आहे, क्रिस्टो कुलुआर, फोटो बघून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. चाळीस अंशांच्या आसपासचा उतार आहे. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काम. लू डॉसन नावाच्या माणसाने कोलोराडोतली सगळी फोर्टीनर स्कीने पहिल्यांदा उतरून दाखवली, १९९१ मध्ये पूर्ण केली, आणि त्यालाही बरीच वर्षं लागली होती.

निघण्याआधी आणि आल्यावर

घरी कुणालातरी कागदावर लिहून द्या, कुठला डोंगर, कुठली वाट, गाडी कुठे, किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर ९११ ला फोन करायचा. सॅटेलाइटवरून मेसेज जाईल असं यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन घ्या. हे "काही होत नाही गं" वाल्यांसाठी खास.

रविवारी दुपारी ७० नंबरच्या हायवेवर डेन्व्हरच्या दिशेने मुंगीसारखी गाड्यांची रांग असते, तीनचे साडेसात वाजतात. आम्ही सरळ कॅम्परमध्ये दुपारची झोप काढतो, रात्रीची खिचडी तिथेच करतो आणि आठनंतर निघतो.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी दारात छप्पर वर करून कॅनव्हास वाळवा. ओला बंद केला तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही, आमच्या डाव्या कोपऱ्यात अजून आहे. स्किन सावलीत टांगून वाळवायचे, उन्हात किंवा हीटरवर नाही, गोंद उतरतो. बीकनचे सेल मोसम संपला की काढून ठेवा, गळून आतले पत्रे गंजतात. आणि ते टर्नबकल, कॅम्पर उतरवण्याआधी चारही बाजूंचे सोडलेत ना बघा, आमच्या ओळखीतल्या एकाने तीन सोडले होते.